प्रिझ्मॅटॉइड: मधल्या छेदाची सरासरी काढू नका

सगळे शिरोबिंदू दोन समांतर प्रतलांत असले की ती घनाकृती प्रिझ्मॅटॉइड. चिती (प्रिझम), सूची (पिरॅमिड), माथा कापलेली सूची, पाचर, अँटिप्रिझम (तळ-माथा सारखे पण एकमेकांपासून फिरवलेले, बाजूंना त्रिकोण), क्युपोला (तळाला माथ्याच्या दुप्पट कडा, बाजूंना आळीपाळीने चौकोन आणि त्रिकोण), सगळे एकाच घराण्यातले. सगळ्यांच्या घनफळाला एकच सूत्र पुरतं: उंची भागिले 6, गुणिले (तळ + 4 × मधला छेद + माथा). तिन्ही क्षेत्रफळं, मधला छेद म्हणजे निम्म्या उंचीवरचा आडवा काप.

चुकतं ते मधल्या छेदात. मुंबईत पायासाठी 3 मीटर खोल खड्डा घेतलाय, तळ 4 × 4, चारही बाजूंना 45 अंशांचा उतार, म्हणून तोंड 10 × 10. तळ आणि तोंड यांची सरासरी 58, गुणिले 3, म्हणजे 174 घनमीटर. हिशेब इथेच थांबवला जातो. प्रत्यक्षात निम्म्या खोलीवर बाजू 7 मीटर, छेद 49. सूत्राने येतात 156. फरक 18 घनमीटर, सहा ब्रासहून जास्त माती, जी खड्ड्यात कधी नव्हतीच! काहीजण सूत्र वापरतात, पण मधला छेद म्हणून 58 च घालतात. मग उत्तर पुन्हा 174. बाजूंची सरासरी घ्या, क्षेत्रफळांची नाही. त्याआधी छेद कागदावर काढा. दोन मिनिटांचं काम आहे, ते टाळण्याला सबब नाही.

अँटिप्रिझममध्ये हीच घाई जास्त महागात पडते. अष्टफलक म्हणजे त्रिकोणी अँटिप्रिझम. तळ आणि माथा सारखे म्हणून चितीसारखं तळ × उंची केलं, तर घनफळ बरोबर पाव भाग कमी येतं, कारण मधला छेद षटकोन असतो, तळाच्या दीडपट.

अँटिप्रिझमची उंची म्हणजे बाजूच्या त्रिकोणाची उंची नव्हे. 50 मिमी कडेच्या चौकोनी अँटिप्रिझमचा त्रिकोण 43.3 मिमी, पण तो कललेला असतो. खरी उंची 42 मिमी.

समान कडांचा षटकोनी क्युपोला करायला जाऊ नका. माथ्याच्या टोकाशी कोन 120 + 90 + 60 + 90 = 360 अंश, सगळं सपाट पडतं. माथ्याला 3, 4 किंवा 5 कडा, इथेच थांबा.

द्वादशफलक या घराण्यातला नाही, त्याचे शिरोबिंदू चार थरांत असतात.

कार्डशीटचं मॉडेल पावसाळ्यात करत असाल तर चिकटवण्यासाठी 7 मिमीच्या पट्ट्या ठेवा, घडीची रेघ संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्या आणि फेविकॉल पातळच लावा, दमट हवेत तो लवकर सुकत नाही. आधी बाजूच्या त्रिकोणांचं कडं, मग तळ. तळ पूर्ण सुकल्याशिवाय माथा चिकटवला की तो थोडा फिरतो आणि दोन्ही प्रतलं समांतर राहत नाहीत.