जिभेखालची गोळी कधी, रोजची कशासाठी? अंजायनाची औषधं नीट कशी घ्यावीत

अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत येणारी कळ. ती असलेल्या घरात दोन चुका हमखास होतात. छातीत दुखायचं थांबलं की रोजच्या गोळ्या बंद पडतात, आणि दुखायला लागलं की ‘गॅस असेल’ म्हणत जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट, खिशातच राहते. माझ्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही झाल्या. त्यातून आम्ही जे शिकलो ते इथे क्रमाने सांगतो. डोस मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी डॉक्टरांची चिठ्ठी समोर घ्या आणि प्रत्येक गोळीपुढे तिचं काम मराठीत लिहा: ‘कळ थांबवायला’, ‘कळ येऊ नये म्हणून’ किंवा ‘झटका टाळायला’. एखादीचं काम कळलं नाही तर ते डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. दहा मिनिटांचं हे काम पुढचा बराच गोंधळ वाचवतं.

आता प्रत्यक्ष कळ आली तर काय करायचं? चालत असाल तर थांबा आणि आधी बसा. उभ्याने गोळी घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येते आणि माणूस पडतो. सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवून विरघळू द्या. ती गिळली तर आतड्यातून यकृतात जाते, तिथे तिचा बराच भाग निकामी होतो आणि गुण यायला वेळ लागतो. जिभेखाली ठेवली तर काही मिनिटांतच शिरा सैल पडतात, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याच्यावरचा भार हलका होतो. डोकं ठणकलं तर घाबरू नका, डोक्यातल्याही रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ते होतं. (सॉर्बिट्रेटच्याच, म्हणजे नायट्रेट कुळातलं नायट्रोग्लिसरीन लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली अंजायनावर वापरून दाखवलं. डायनामाइटमध्येही तेच असतं!)

घड्याळ बघा. पाच मिनिटांत कळ ओसरली नाही, वाढली, किंवा घाम, धाप, मळमळ सोबत आली तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघताना पाच-पाच मिनिटांनी आणखी गोळी घेता येते, एकूण तीनपर्यंत. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.

एक गोष्ट लाज बाजूला ठेवून सांगायलाच हवी. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनाही हे सांगा. शेजाऱ्याच्या छातीत दुखतंय म्हणून आपली गोळी त्याच्या जिभेखाली ठेवण्याची सवय मला म्हणूनच धोक्याची वाटते.

जिना किंवा चढ चढल्यावर ठरावीक श्रमांनी येणारी आणि विसावल्यावर जाणारी कळ म्हणजे स्थिर अंजायना. त्यासाठी मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखे बीटा ब्लॉकर देतात. नाडी संथ झाली की हृदयाची रक्ताची भूक कमी होते. ही गोळी एकदम कधीच सोडू नका, कळ उलटून जोरात येऊ शकते. दमा असेल तर आधी सांगा. मधुमेह्यांनी लक्षात ठेवावं की साखर उतरल्याची धडधड या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो.

अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते. तिने घोटे सुजतात, ते कळवा. लांब पल्ल्याच्या नायट्रेट गोळ्या दिवसाचे चोवीस तास रक्तात राहिल्या तर शरीर त्यांना सरावतं आणि गुण येईनासा होतो. म्हणून त्यातल्या काही सकाळी आणि साधारण सात तासांनी दुपारी देतात, रात्र मुद्दाम मोकळी ठेवतात. दुपारची विसरली म्हणून झोपताना घेऊ नका.

कळ पहाटे, अंथरुणात असतानाच येत असेल तर रक्तवाहिनीला पेटका येत असण्याची शक्यता असते. तिथे डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल किंवा अॅम्लोडिपिनसारखी औषधं मुख्य, आणि काही बीटा ब्लॉकर तर त्रास वाढवू शकतात. म्हणून डॉक्टरांना ‘दुखतं’ एवढंच सांगू नका, किती वाजता आणि काय करत असताना दुखतं ते सांगा. तंबाखू-सिगारेटही सांगा.

आणि नव्याने सुरू झालेली, कमी श्रमांत किंवा बसल्याबसल्या येणारी, दिवसागणिक वाढणारी कळ म्हणजे अस्थिर अंजायना. तिथे घरी गोळी बदलत बसायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. रक्तवाहिनीत रक्ताची गाठ धरू लागलेली असू शकते आणि सॉर्बिट्रेट ती विरघळवत नाही.

अॅस्पिरिन आणि स्टॅटिनने कळ थांबत नाही, म्हणून त्या सर्वांत आधी सोडल्या जातात. वडिलांनी तेच केलं होतं. अॅस्पिरिन रक्ताची गाठ होऊ देत नाही, स्टॅटिन कोलेस्टेरॉल उतरवून धमनीतला थर फुटू नये याची काळजी घेते. छाती महिनोन्महिने दुखली नाही तरी त्या चालूच ठेवायच्या.

आमच्याकडे आता सॉर्बिट्रेटची एक पट्टी वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात असते, दुसरी देवघराशेजारच्या फळीवर. दर दिवाळीला मुदत तपासून बदलतो, आणि ती कुठे आहे हे घरातल्या नातवालाही ठाऊक आहे.