काठी-कुबडीचं रबर बदलायला घेण्याआधी

आधी माप. कुबडीच्या टोकाला जी रबरी टोपी बसते तिचं माप म्हणजे भोकाचा आतला व्यास, आणि तो ठरतो नळीच्या जाडीवरून. कुठल्या नळीच्या, हे नीट वाचा. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कुबडीत खालची नळी वरच्या नळीत सरकते, म्हणजे खालची बारीक असते. मागच्या वेळी मी हाताशी आली ती वरची मोजली. नवं रबर न पिळता सरळ चढलं, आणि ओल्या फरशीवर ते मागे राहिलं, कुबडी पुढे गेली. तेव्हा खालची नळी मोजायची, जुनं रबर काढून, अगदी टोकाशी.

जुन्या रबराच्या भोकावरून माप काढू नका, वापरून ते सैल झालेलं असतं. व्हर्नियर (जाडी मोजायची सरकती पट्टी) नसेल तर टोकाभोवती दोऱ्याचा एकच वेढा घ्या आणि त्या वेढ्याची लांबी ३.१४ ने भागा. ६० मिलिमीटर भरला तर व्यास १९, ६९ भरला तर २२. ही दोन मापं सर्रास दिसतात, १६ आणि २५ चीही असतात. नुसत्या नजरेला १९ आणि २२ मधला फरक कळत नाही. लाकडी काठी खाली निमुळती होत जाते, घडीच्या काठीचे तुकडे कमी-अधिक जाड असू शकतात. तिथेही मोजायचं ते खालचं टोकच.

घेताना आत बोट घालून तळाशी धातूची चकती आहे का बघा. ती नसली तर नळीची कड हळूहळू रबर कापत खाली येते आणि एक दिवस फरशीवर खट्खट् वाजायला लागते. रबर दाबून बघा. बरीच वर्षं पडून राहिलेलं रबर न वापरताही कडक होतं. काळ्या रबराचे फरशीवर डाग पडू शकतात, राखाडी बरं. कुबड्यांची जोडी असेल तर दोन्ही एकदमच बदला, एक झिजलेलं आणि एक नवं असं चालत नाही.

नवं रबर हातात येईपर्यंत जुनं परत चढवून ठेवा. बदलताना वापरणाऱ्या माणसाला बसवा, कुबडी काढून घेऊन त्याला उभं ठेवू नका. जुनं रबर पिळत ओढा. हलत नसेल तर टोक गरम पाण्यात धरा. निघाल्यावर जुनी चकती किंवा रबराचा तुकडा नळीला चिकटून राहिलाय का बघा, नाहीतर नवं रबर पूर्ण बसत नाही. नळी पुसून कोरडी करा. तेल, ग्रीस अजिबात नको: रबर फुगतं, खराब होतं आणि निसटतंही. भोकाची खोली मोजून नळीवर पेन्सिलीची खूण करा, रबर पिळत पिळत त्या खुणेपर्यंत न्या. जोर लावावा लागला तर चांगलंच. सैल वाटलं तर कागद, चिकटपट्टी असले उद्योग नकोत. रबर परत करा आणि पुन्हा मोजा. खालची नळी!

मग उंची. नेहमीची पादत्राणं घालून उभं राहायचं, हात मोकळा सोडल्यावर काठी-कुबडीची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. बगलेतल्या कुबडीला वर दोन-तीन बोटं जागा. उंची पक्की करणारी बटणं नळीच्या भोकांतून पूर्ण बाहेर आलीत ना? आठवड्याने रबर एकदा पिळून बघा. जुनी रबरं फेकून द्या, अडीअडचणीला म्हणून ठेवलीत तर कुणीतरी तीच चढवेल.