फोनमधले फोटो भिंतीवर आणा

फोनमध्ये फोटो ढीगभर, पण घरातल्या कुणाच्याच नजरेला ते पडत नाहीत. मोजके निवडून ४ × ६ इंचांत छापून घ्या. ओळीत उभं राहून काढलेल्यांपेक्षा चष्मा पुसणारी आजी जास्त बोलते, असं माझं मत.

१. छापायला मूळ फाइलच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो बऱ्याचदा फुटतो.
२. चपला घालताना दिसेल अशा जागी लावा. एखादा मुलांच्या उंचीवर, ‘हे कोण?’ तिथूनच सुरू होतं.
३. फ्रेमच्या पाठीवर नावं आणि साल लिहा.
४. फोटो बदलताना जुना त्याच फ्रेममध्ये मागे सरकवा.

थेट ऊन मात्र नको, रंग उडतात. जुन्या फोटोची एकच प्रत असेल तर स्कॅन करून नक्कल लावा, मूळ कपाटात ठेवा.