कुंडीतल्या जास्वंदीसाठी योग्य माती कशी निवडावी

जास्वंदीला पाणी भरपूर लागते, पण पाण्यात उभे राहणे तिला मुळीच सोसत नाही. कुंडीतल्या जास्वंदीच्या बहुतेक तक्रारी या एका गोष्टीतून निघतात. उष्ण प्रदेशातली ही सदाहरित जास्वंद, म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, पानांवाटे पुष्कळ पाणी बाहेर टाकते, त्यामुळे कडक उन्हाळ्यात तिला रोज पाणी द्यावे लागते. मात्र त्या पाण्यामागून मातीच्या पोकळ्यांत पुन्हा हवा शिरली नाही, तर बारीक मुळे गुदमरतात आणि त्यांना कुज लागते. म्हणून माती निवडताना तिच्यात खत किती आहे हे नंतर पाहावे; पाणी दिल्यानंतर तिच्यात हवा किती उरते, हे आधी पाहावे.

नुसती बागेतली माती कुंडीत का चालत नाही, हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. जमिनीत पाणी खाली-खाली ओढले जाते. कुंडीला मात्र तळ असतो आणि त्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो. घरातला स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा आणि त्यातून ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. आता तोच स्पंज उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागेल, आणि ते थांबल्यावरही खालची कड ओलीचिंब राहील. कुंडीतल्या मातीचेही असेच होते: माती जितकी बारीक कणांची, तितका तळाचा ओला थर उंच, आणि कुंडी जितकी उथळ, तितका मुळांचा मोठा भाग त्या थरात. याच कारणाने तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरण्याचा उपयोग होत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजी उतरत नाही, ते मातीतच अडून राहते, आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. माती वाहून जाऊ नये म्हणून छिद्रावर खापराचा एक तुकडा किंवा जाळी ठेवली तरी पुरे.

निवडीची सुरुवात हाताशी असलेली माती तपासण्यापासून करावी. मूठभर माती किंचित ओली करून घट्ट दाबावी आणि मूठ उघडून गोळ्याला बोटाने टिचकी मारावी. गोळा सहज फुटून भुसभुशीत झाला, तर ती पोयट्याची माती मिश्रणात घेण्याजोगी आहे. गोळा चकचकीत, चिकट राहिला आणि बोटांनी त्याची वळकटी वळता आली, तर त्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त आहे. ती न घेतलेलीच बरी. दुसरी तपासणी चुन्याची. कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले, तर मातीत मोकळा चुना आहे असे समजावे. जास्वंदीला 6 ते 7 च्या दरम्यानचा, म्हणजे किंचित आम्लधर्मी सामू (पीएच, मातीच्या आम्लतेचे माप) मानवतो. त्याच्या बराच वर सामू गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी वरून कितीही खत घातले तरी फारसा फरक पडत नाही, कारण दोष मातीत असतो.

आता घटकांकडे वळू. ओलावा धरण्यासाठी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, उत्तम आहे, पण त्यात अनेकदा क्षार असतात. म्हणून ते भरपूर पाण्यात भिजवून, पिळून, दोन-तीन वेळा धुऊनच वापरावे. हवेसाठी परलाइट (खनिज तापवून फुगवलेले पांढरे, हलके दाणे) किंवा जाडी वाळू घ्यावी. वाळू जाडीच हवी, कारण बारीक वाळू पोकळ्या बुजवून माती आणखी घट्ट करते. समुद्रकिनाऱ्याची खारी वाळू तर कधीच घेऊ नये. खतासाठी गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत चालते. कुजलेल्या शेणखताला मातीचा वास येतो. उग्र वास येत असेल किंवा हाताला ऊब लागत असेल, तर ते अजून तयार झालेले नाही आणि त्याने मुळे भाजू शकतात. हाडांची भुकटी मात्र मी सुचवणार नाही. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते, पण जास्वंदीला ते थोडेच लागते आणि त्याचा अतिरेक झाल्यास लोह घेण्यात अडथळा येतो. फुलांसाठी जास्वंदीला पालाश (पोटॅशियम) अधिक उपयोगी पडते.

प्रमाण मापाने घ्यावे, वजनाने नव्हे. दोन भाग पोयट्याची माती, दोन भाग धुतलेले कोकोपीट, दोन भाग परलाइट किंवा जाडी वाळू आणि एक भाग गांडूळखत, ही चांगली सुरुवात आहे. पाऊस फार असेल किंवा कुंडी प्लास्टिकची असेल, तर मातीचा एक भाग कमी करून परलाइट वाढवावे. हवा कोरडी आणि कुंडी भाजलेल्या मातीची असेल, तर कोकोपीट थोडे वाढवावे, कारण अशा कुंडीच्या भिंतींतूनही पाणी उडून जाते. तयार मिश्रणाची पिशवी विकत घेतानाही याच कसोट्या लावाव्यात. पिशवीवर घटक आणि सामू लिहिलेला असावा, आतले मिश्रण हलके व दाणेदार लागावे, आणि आंबूस वास येऊ नये. निवडुंगासाठीचे मिश्रण जास्वंदीसाठी फार लवकर कोरडे होते.

रोप लावण्यापूर्वी मिश्रणाची परीक्षा घ्यावी, आणि माझ्या मते ही पायरी कधीही गाळू नये. रिकाम्या कुंडीत मिश्रण भरून, एकदा भिजवून बसू द्यावे आणि मग वरून तांब्याभर पाणी ओतावे. पाणी थोड्याच सेकंदांत मुरून खालच्या छिद्रातून वाहू लागले, तर निचरा ठीक आहे. पृष्ठभागावर मिनिटभर तळे साचून राहिले, तर परलाइट किंवा जाडी वाळू वाढवून पुन्हा पाहावे. याउलट दुसऱ्या दिवशी बोट दोन पेरे आत घातल्यावर माती कोरडी लागली, तर ओलावा धरणारा भाग वाढवावा.

कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटरच रुंद घ्यावी. फार मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती कित्येक दिवस ओली राहते. रोप भरताना माती दाबून ठासू नये, कुंडी हलकेच आपटून आणि पाणी घालून ती बसू द्यावी.

वर्ष-दीड वर्षात कोकोपीट आणि खत कुजून मिश्रणाची पातळी खाली जाते आणि पाणी पूर्वीपेक्षा हळू मुरू लागते. तेव्हा वरून नवी माती टाकून भागवू नये, रोप गड्ड्यासकट बाहेर काढून मुळे पाहावीत. पांढरी-पिवळसर, टणक मुळे निरोगी असतात; तपकिरी, लिबलिबीत आणि दुर्गंधी येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत आणि जुनी माती झटकून रोप ताज्या मिश्रणात लावावे. कापलेल्या मुळांच्या मानाने थोड्या फांद्याही छाटाव्यात, आणि नवी पालवी फुटेपर्यंत रोप हलक्या सावलीत ठेवून पाणी बेतानेच द्यावे.