एक्सचेंज २०१६ ते २०१९: ओएबीकडे आधीच लक्ष द्या

मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या २०१६ आवृत्तीवरून २०१९ वर जाताना ओएबी, म्हणजे ऑफलाइन ॲड्रेस बुक (आउटलुक संगणकावर उतरवून ठेवतं ती पत्त्यांची यादी), कामांच्या यादीत बहुतेकदा तळाशी असते. मेलबॉक्स हलले, मेल येऊ-जाऊ लागले की काम संपलं असं वाटतं. मग हेल्पडेस्कला तक्रारी सुरू होतात: नव्या कर्मचाऱ्याचं नाव ब्राउझरमधल्या मेलमध्ये दिसतं, आउटलुकमध्ये नाही. ब्राउझर थेट सर्व्हरला विचारतो. कॅश्ड मोडमधलं (मेलची प्रत संगणकावर ठेवणारं) आउटलुक मात्र आपल्याकडे उतरवलेल्या प्रतीत शोधतं.

तक्रार आल्या आल्या सेटिंग बदलू नका, आधी वेळ मोजा. सर्व्हर साधारण दर ८ तासांनी ओएबी नव्याने बनवतो आणि आउटलुक ती २४ तासांतून एकदा उतरवतं. म्हणजे सगळं ठीक असूनही नाव दिसायला ३२ तास लागू शकतात. घाई असेल तर एक्सचेंज मॅनेजमेंट शेलमध्ये अपडेट-ऑफलाइनॲड्रेसबुक ही कमांड चालवा (खालच्या गेट-, सेट-, न्यू- या कमांडही तिथल्याच) आणि मग आउटलुकच्या सेंड/रिसीव्हमधून डाउनलोड ॲड्रेस बुक करा.

ओएबी कोण बनवतं, हे नीट समजून घ्या, कारण नेटवरच्या जुन्या सूचना इथेच दिशाभूल करतात. एक्सचेंज २०१० मध्ये ओएबीसाठी एक सर्व्हर नेमावा लागे आणि फाइल डिस्ट्रिब्युशन नावाची सर्व्हिस फाइल्स पुढे पोचवत असे. २०१३ पासून ती सर्व्हिसच नाही, शोधत बसू नका. आता एका आर्बिट्रेशन मेलबॉक्सकडे, म्हणजे एक्सचेंजच्या अंतर्गत कामांसाठीच्या मेलबॉक्सकडे, हे काम असतं. त्याचं नाव सिस्टममेलबॉक्स आणि पुढे बीबी५५८सी३५ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. हा मेलबॉक्स ज्या सर्व्हरवर चालू, तिथे ओएबी बनते. म्हणून २०१९ चा डेटाबेस तयार झाल्यावर लोकांचे मेलबॉक्स हलवण्याआधीच गेट-मेलबॉक्स -आर्बिट्रेशनने यादी काढून न्यू-मूव्हरिक्वेस्टने असे सगळे आर्बिट्रेशन मेलबॉक्स नव्या डेटाबेसवर न्या. जुन्या डेटाबेसवर ते राहिले तर २०१६ अनइन्स्टॉल होणारच नाही, आणि ते नेमकं शेवटच्या रात्री कळतं.

नंतर यूआरएल. नव्या सर्व्हरच्या ओएबी व्हर्च्युअल डिरेक्टरीत (ओएबी जिथून वेबवर मिळते त्या पत्त्याच्या सेटिंगमध्ये) सर्व्हरचं स्वतःचं पूर्ण नाव आपोआप भरलेलं असतं. सेट-ओएबीव्हर्च्युअलडिरेक्टरीने इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोन्ही यूआरएल तुमच्या मेल सर्व्हरच्या नेहमीच्या वेब नावावर आणा. हे नाव सर्टिफिकेटमध्ये हवंच. आउटलुक ओएबी उतरवायला विंडोजची बिट्स ही मागे चालणारी डाउनलोड सेवा वापरतं. सर्टिफिकेट पटलं नाही तर बिट्स वापरकर्त्याला काही विचारत नाही, डाउनलोड निमूटपणे पडून राहतं. ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला सर्व्हरचे पत्ते सांगणाऱ्या सेवेचा) अंतर्गत पत्ता सेट-क्लायंटॲक्सेससर्व्हिसने त्याच वेळी बदला, नाहीतर आउटलुक नव्या सर्व्हरच्या कच्च्या नावाकडे जाईल. बदल लगेच दिसत नसेल तर ऑटोडिस्कव्हरचा ॲप पूल (आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमधली त्याची प्रक्रिया) रीसायकल करा.

आयआयएसमध्ये मुख्य साइटवर रीडायरेक्ट लावलं असेल तर तो खालच्या डिरेक्टरींना वारशाने लागतो. ओएबीवरून तो काढा. हे विसरणारे बरेच आहेत.

मग तपासणी. टास्कबारच्या घड्याळाजवळच्या भागातल्या आउटलुकच्या छोट्या चिन्हावर कंट्रोल दाबून राइट क्लिक, टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन. निकालात ओएबी यूआरएलची ओळ येते, शेवटी एक जीयूआयडी (लांबलचक ओळख क्रमांक) असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पुढे ओएबी.एक्सएमएल जोडा. लॉगिननंतर एक्सएमएल दिसलं की सर्व्हरची बाजू बरोबर; राहिलेला दोष क्लायंटकडे. ४०४ (पान सापडलं नाही) आलं तर ओएबी बनलेलीच नाही किंवा व्हर्च्युअल डिरेक्टरी तिला जोडलेली नाही. सेट-ऑफलाइनॲड्रेसबुकमध्ये ग्लोबलवेबडिस्ट्रिब्युशनएनेबल्ड ट्रू ठेवा आणि व्हर्च्युअलडिरेक्टरीज रिकामं करा, म्हणजे प्रत्येक सर्व्हर हाताने जोडावा लागत नाही. आउटलुकमधला ०एक्स८००४०१०एफ हा एरर म्हणजे वस्तू सापडली नाही. डेटाबेसला लावलेली ओएबी कोणीतरी पुसलेली असू शकते.

त्यासाठी मेलबॉक्स हलवण्याआधी गेट-मेलबॉक्सडेटाबेसमधून प्रत्येक डेटाबेसची ओएबी पाहून घ्या. रकाना रिकामा असेल तर डीफॉल्ट लागू होते. जुन्या आणि नव्या डेटाबेसची ओएबी वेगळी निघाली तर हललेला प्रत्येक माणूस फक्त फरक नव्हे, अख्खी फाइल पुन्हा उतरवतो. समजा फाइल ४० एमबी आणि माणसं १५००, तर ६० जीबी; पुण्याहून शाखांकडे जाणाऱ्या बारीक लाइनवर सोमवारी सकाळी हे नको. दोन्हीकडे एकच ओएबी स्पष्टपणे नेमून टाका. मोठ्या प्रमाणावर नावं किंवा विभाग बदलायचे असतील तर तेही या आठवड्यात टाळा, कारण फरकाची फाइल पूर्ण फाइलच्या मानाने फार मोठी झाली की आउटलुक सगळीच उतरवतं.

जुना सर्व्हर काढण्याआधी त्याच्या एक्सचेंज सर्व्हिसेस दोन दिवस बंद ठेवा. एखाद्या लॅपटॉपवर ॲपडेटा लोकलमधल्या ऑफलाइन ॲड्रेस बुक्स फोल्डरची प्रत काढून मूळ फोल्डर पुसा, आउटलुकने नवी ओएबी उतरवून दाखवली की मगच अनइन्स्टॉल.