चर्चला येणं बंद झालेल्या बहिणीकडे जायचंय? मग आधी हे वाचा

चर्चच्या महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये हा विषय अधूनमधून निघतोच, की अमकी हल्ली दिसत नाही, तमकीने येणंच सोडलं, मग सगळ्याजणी हळहळतात, पाळकसाहेब, म्हणजे आपले धर्मगुरू, म्हणतात एकदा जाऊन भेटा, प्रार्थना होते आणि विषय तिथेच संपतो. कारण जायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणालाच धड माहीत नसतं. जाऊन काय बोलायचं, ती चिडली तर काय, आणि आपण गेल्यावर तिने दारच उघडलं नाही तर?

तर पहिली गोष्ट, यादी करा. मोठं रजिस्टर नको, दोघी-तिघींनी बसून आठवायचं की कोण कधीपासून दिसलं नाही. एक रविवार चुकला तर काही नाही, दोन चुकले तर लक्ष ठेवा, तिसऱ्या रविवारी फोन गेलाच पाहिजे. सहा महिन्यांनी फोन केला तर समोरची मनात म्हणते, आत्ता आठवण झाली का, आणि तिचं काही चुकत नाही. खूप जुनी नावं असतील तर ती वेगळी काढा, तिथे घाई करून उपयोग नाही, पण आत्ता आत्ता गळालेल्यांकडे आधी जा.

कोण जाणार हे पदावरून ठरवू नका. सेक्रेटरी आहे म्हणून तिनेच गेलं पाहिजे असं काही नाही. त्या बाईशी जिचं आधीपासून बोलणं आहे, जिची मुलं तिच्या मुलांबरोबर संडे स्कूलमध्ये (चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात) होती, जी तिच्या शेजारी बसायची, ती जाऊ दे. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं तसं दोघींनी जा, चारपाच जणी गेल्या की ती भेट राहत नाही, चौकशी समिती होते. आणि जिच्याशी तिचं वाजलं असेल तिला कृपा करून पहिल्याच भेटीला नेऊ नका, समेट वगैरे नंतर बघू.

आधी फोन किंवा मेसेज. ग्रुपवर नाही हं, पर्सनल. ग्रुपवर "ताई कुठे आहात, चर्चमध्ये दिसत नाही" असं टाकणं म्हणजे सगळ्यांसमोर हजेरी घेणं. मेसेज साधा असू दे, "काकू, तुमची आठवण आली. कशा आहात? शनिवारी संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं येऊन गेले तर चालेल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही." बस. बायबलचं वचन जोडू नका, फुलांचा फोटो जोडू नका, आणि चर्च हा शब्द तर अजिबात नको. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा परत विचारा, मग थोडं थांबा.

आता मुख्य भाग, म्हणजे प्रत्यक्ष भेट. इथे आपण सगळ्यात जास्त गडबड करतो.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, 24व्या अध्यायात, अम्माऊस गावाच्या रस्त्यावरचे येशूचे दोघे शिष्य आठवतायत ना? येशूला क्रुसावर मारलं म्हणून आशा संपली होती, यरुशलेम सोडून चालले होते. मेलेल्यांतून उठलेला येशू त्यांच्या बरोबर चालायला लागला, त्यांनी त्याला ओळखलं नाही, म्हणजे ते जिकडे चालले होते तिकडेच, आणि पहिल्यांदा विचारलं काय तर तुम्ही काय बोलताय. परत फिरा म्हणाला नाही. त्यांनी सगळी व्यथा ओतली, ती त्याने ऐकून घेतली, मग बोलला, आणि शेवटी ते दोघे आपणहून उठून त्याच रात्री यरुशलेमला परत गेले. माझ्या मते घरभेटीचं सगळं ट्रेनिंग या एका गोष्टीत आहे. जागा भरायला जायचं नाही, माणूस बघायला जायचं. पहिल्या भेटीत "मग कधी येताय?" हा प्रश्न विचारायचाच नाही, अगदी चपला घालताना दारातसुद्धा नाही, कारण तो विचारला की आधीची वीस मिनिटं खोटी ठरतात.

मग बोलायचं काय? तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय. आणि थांबायचं. ती "ठीक आहे" म्हणाली की लगेच दुसरा विषय काढू नका, गप्प राहा, बरेचदा खरं उत्तर त्या गप्प बसण्यानंतर येतं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले होते, तोंड उघडेपर्यंत त्यांचं सगळं छान चाललं होतं :)

कारणं ऐकून कधीकधी आपल्यालाच धक्का बसतो. आपण धरून चालतो की विश्वासात थंड पडली, आणि निघतं काय तर रविवारची ड्युटी लागलीये, किंवा सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि त्यांना एकटं सोडता येत नाही, गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत, कमी ऐकू येतं आणि ते सांगायची लाज वाटते. वर्गणी थकलीये म्हणून तोंड चुकवणाऱ्याही असतात. नवरा गेल्यावर त्याच बाकावर एकटीने बसवत नाही असंही असतं, मुलीचं लग्न मोडलं आणि लोक काय विचारतील ही भीती असते. यातल्या कितीतरी गोष्टींना प्रवचन नको, सोय हवी. गाडी पाठवा, रविवारचे दोन तास सासूबाईंजवळ कुणीतरी बसा, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने आधी त्याला खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं, बोलणं नंतर.

कुणी दुखावलं म्हणून येणं सोडलं असेल तर त्या माणसाची बाजू घेऊ नका. "अगं त्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर नको घेऊस" हे वाक्य गिळून टाका. "तुला खूप लागलं ते" एवढं म्हणा. आणि पाळकांना सांगू का हे तिलाच विचारा, ती नको म्हणाली तर नाही.

पण चर्चमधल्या कुणी तिच्याशी किंवा तिच्या मुलांशी वाईट वर्तन केलं असं ती सांगत असेल तर मात्र हा रुसवाफुगव्याचा विषय नाही. तिला परत बोलवायचा विचार बाजूला ठेवा, तिच्यावर विश्वास ठेवा, क्षमा करण्याचा उपदेश करू नका, पोलिसांकडे जायला ती तयार असेल तर सोबत जा, आणि लहान मूल असेल तर गुप्ततेचं वचन देऊच नका. घरात मारहाण असेल तरी तिची सुरक्षितता पहिली. सतत उदास आहे, जगावंसं वाटत नाही म्हणतेय, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा, आणि त्या दिवशी तिला एकटं सोडू नका.

निघताना प्रार्थना करायची का? विचारा. "प्रार्थना करू का, की आज नको?" नको म्हणाली तर हसून निघा. हो म्हणाली तर दोन-चार वाक्यांत करा आणि तिने जे सांगितलं त्यासाठीच करा. डोळे मिटून देवाच्या नावाने तिलाच टोमणे मारायचे, "प्रभू, हिला तुझ्या मंदिराची ओढ दे" वगैरे, हे सगळ्यांना कळतं हो. इब्री 10:25, म्हणजे एकत्र जमणं सोडू नका असं सांगणारं बायबलचं वचन, तेही तोंडावर फेकू नका, त्याच्या आधीच्याच वचनात एकमेकांना प्रीती आणि चांगल्या कामांसाठी उत्तेजन देण्याचं आहे ते कुणी वाचत नाही.

घरी आल्यावर वहीत फक्त तारीख आणि पुढे काय करायचं ते लिहा, तिचं गुपित लिहू नका. आणि मंडळात "प्रार्थना विनंती" म्हणून तिची कहाणी सांगू नका, त्याला चहाडीच म्हणतात. मग दोन आठवड्यांनी परत फोन, मुलांची परीक्षा असेल तर लक्षात ठेवून विचारा, नवऱ्याच्या पुण्यतिथीला फोन करा. बोलावणं द्यायचंच तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि उपासनेपेक्षा छोट्या घरच्या प्रार्थनेला सोपं जातं.

ती आली तर? "आज सूर्य कुठून उगवला!" म्हणणाऱ्या बायकांना आधीच गप्प करून ठेवा. पुढून नाव घेऊन स्वागत नको, टाळ्या नकोत. भेटायला गेलेली बाई दारात थांबू दे, शेजारी बसू दे, नंतर तिला एकटीला उभं ठेवू नका. आणि खरी परीक्षा पुढच्या रविवारी असते, पहिल्या दिवशी सगळे भेटतात, दुसऱ्या वेळी कुणी बघतही नाही, म्हणून शेजारी बसायची पाळी निदान महिनाभर लावून ठेवा.

दुसऱ्या चर्चला जायला लागली असेल तर आनंदाने निरोप द्या, तिथून ओढून आणायचं काम आपलं नाही. आणि "परत येऊ नका" असं स्पष्ट म्हणाली तर जाऊ नका. नाताळला एक शुभेच्छेचा मेसेज पाठवा, उत्तराची वाट न बघता, आणि तोही नको म्हणाली तर थांबवा.