पहिला ड्रोन उडवायच्या आधी (उसात पडू नये म्हणून)

ड्रोनचा बॉक्स घरी आला की पहिला मोह काय, तर गच्चीवर जायचं आणि सोडायचा वर. तेवढं करू नका. स्लॅबमध्ये सळ्या असतात, त्यानं कंपास गंडतो, शिवाय केबलच्या वायरी, शेजारच्यांची टाकी आणि घारी. पहिल्या संध्याकाळी फक्त घरात बसून कामं उरकायची, बॅटऱ्या आणि रिमोट फुल चार्ज, ॲप आणि फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) घरच्या वायफायवरच अपडेट, कारण रानात रेंज नसते आणि नेमकं तिथंच ॲप अडून बसतं. मेमरी कार्ड फॉरमॅट करून ड्रोनमध्येच टाका, मी एकदा लॅपटॉपला लावलेलं विसरून थेट दंडोबाच्या डोंगरावर जाऊन आलोय.

कागदाचं थोडक्यात सांगतो. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि त्याच्यावर 2 किलोपर्यंतचा मायक्रो, हौसेला उडवायला दोन्हीला पायलटचं लायसन्स लागत नाही, पण मायक्रोला यूआयएन, म्हणजे ड्रोनचा सरकारी नोंदणी नंबर, काढावाच लागतो. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, तेव्हा पाव्हण्यांनी दुबईवरनं आणलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, नंबर निघणार का ते आधी बघा. जायच्या आधी सरकारच्या ड्रोन नकाशावर झोन बघायचा, ग्रीनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही त्या भागात, 400 फुटांपर्यंत चालतं, आणि कराडला विमानतळ आहे हे तिकडच्यांनी विसरू नये. कास पठारावर वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन पिशवीतनं काढूसुद्धा नका.

आता जागा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. आपल्याकडं सांगलीत चारी बाजूला ऊस. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात ड्रोन पडला की तो दोन सरी पलीकडं असला तरी दिसत नाही, पाचट अंग कापतं आणि बीपचा आवाज येतो पण कुठनं ते कळत नाही. म्हणून शिकायला ऊस तुटलेलं रान बघा नाहीतर मोकळं मैदान, जिथं पडला तर चालत जाऊन उचलता येईल. तासगाव भागात द्राक्षबागांवर जाळ्या आणि तारा असतात, तिकडं खाली आणायचाच नाही. नदीवर पण लगेच नको, पाण्यावर खालचे सेन्सर फसतात आणि उंची चुकते.

उडवताना आधी जीपीएस लॉक आणि होम पॉइंट, म्हणजे परत यायची जागा, धरल्याशिवाय हलवायचा नाही. रिटर्न टू होमची (बटण दाबलं की ड्रोन आपोआप माघारी येतो, त्याची) उंची त्या जागेतल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर बटण दाबलं की पठ्ठ्या सरळ निलगिरीत. मग पहिले दोन दिवस दहा फुटांवर नुसता स्थिर धरायचा, पुढं-मागं, डावं-उजवं, आणि तोंड आपल्याकडं केलं की डावं-उजवं उलटं होतं तेवढं हातात बसेपर्यंत उंचीचं नावच काढायचं नाही. साताऱ्याकडं चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा किती असेल समजून घ्या. जाताना वारा मागनं असला की मजा वाटते, येताना तोच छातीवर घेऊन यावं लागतं आणि बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि 30 टक्क्यांना माघारी फिरा. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

बॅटरीवर, जमलं तर ड्रोनच्या पोटावर पण, मोबाईल नंबरचं स्टिकर लावा. माझा सप्टेंबरात उसात गेला, तीन दिवस हुडकला आणि सोडून दिला. जानेवारीत टोळी त्या फडात शिरली आणि तोडकऱ्यांपैकी एकाचा फोन आला, दादा तुमचं इमान घावलंय. पंखे उंदरांनी कुरतडलेले, बॅटरी फुगलेली, कार्ड मात्र चालू होतं, त्यात शेवटचा दिसतोय तो नुसता हिरवा पाला, मोठा मोठा होत आलेला.